ठेवायची की काढायची?

इंजिन खोलण्याआधी मिस्त्री बरंच काही विचारतो. गाडी किती चालली, तेल कधी बदललं होतं, धूर निळा येतो की काळा, सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो का. सगळं विचारून झालं की पाना हातात घेता घेता शेवटचं एक सहज विचारतो, "गाडी ठेवायचीय की काढायचीय?"

काढायची म्हणजे विकायची. जुन्या गाडीचं इंजिन कधी बांधून घेतलं असेल, तर हा प्रश्न तुमच्याही कानावर आला असेल. पुढचं सगळं काम त्याच्या उत्तरावर ठरतं. ठेवायची असेल तर सिलिंडरचे बोअर मोजले जातात, क्रँक ग्राइंडिंगला जातो, बोल्ट नवे येतात, तेलाच्या वाटा एकेक करून धुतल्या जातात. काढायची असेल तर रिंगा बदलायच्या, जिथे पॉलिश मारून भागेल तिथे पॉलिश मारायचं आणि शेवटी इंजिन बाहेरून धुऊन चकचकीत करायचं. दोन्ही इंजिनं चावी फिरवली की सुरू होतात. गिऱ्हाईक एक चक्कर मारून येतं तेव्हा दोन्ही गुणी वाटतात. वरचं झाकण एकदा बसलं की आत काय केलंय आणि काय केलं नाही, हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

वाईट काम करू नये हे सांगायला लेख लिहायची गरज नाही, ते सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं. मी अडकलोय तो थोडा पुढे. मिस्त्रीचा हा प्रश्न पूर्ण चुकीचा आहे का? एखादी वस्तू किती चांगली दुरुस्त करायची, हे ती पुढे कुणाच्या ताब्यात असणार यावर ठरवावं का? आणि ठरवलं, तर त्यातलं किती चालण्यासारखं आणि किती नाही?

हा प्रश्न हवेत सोडवता येणार नाही, म्हणून एक खरं इंजिन समोर ठेवू. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल. नाव ऐकलं नसेल, तरी त्याचा आवाज तुम्ही नक्की ऐकलाय. स्विफ्ट डिझेल, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, या सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच कूळ. पुण्याजवळ रांजणगावला फियाट आणि टाटांच्या कारखान्यात ते बनायचं, तिकडे हरियाणात मानेसरला सुझुकीच्या कारखान्यातही बनायचं. गाड्यांवर लिहिणारे लोक त्याला गमतीनं भारताचं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम आले आणि आपल्याकडे ते बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावर जी उरली आहेत ती सगळी वयात आलेली आहेत. बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि आज ना उद्या कुठल्यातरी गॅरेजात 'ठेवायची की काढायची' या प्रश्नासमोर उभी राहणार आहेत.

कागदावर हे इंजिन साधं दिसतं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६९.६ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर, एकूण १२४८ सीसी. एवढ्याशा जिवातून गाडीभर माणसं घाट चढतात ती टर्बोमुळे. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर वाटेत एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त, म्हणून धक्का मोठा.

तो धक्का किती मोठा याचा हिशोब कुणीही करू शकतं. अशा डिझेलमध्ये भर लोडवर, ज्वलनाच्या क्षणी, १४० बार दाब धरू. ६९.६ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर एकेका पिस्टनवर सव्वापाच टनांपेक्षा जास्त भार येतो. ३००० आरपीएमला हे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा होतं. हा सगळा भार शेवटी क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या तेलाच्या थरावर येतो, आणि ती जागा माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी असते. टर्बोचा दांडा तर मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो, तोही तेलावरच तरंगत. बिगरटर्बोच्या जुन्या इंजिनात थोडंफार इकडेतिकडे खपून जायचं. इथे तेवढी जागाच नसते.

मी मेकॅनिकलची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माणूस आहे. पुण्यात असे हजारो जण आहेत. आमच्या कामात आम्हाला एक मोठी चैन असते, ती म्हणजे मागे जाता येतं. नवीन कोड टाकला, काही मोडलं, तर पाच मिनिटांत कालची आवृत्ती परत आणता येते. लेथवर कंट्रोल झेड नसतं.

सिलिंडर झिजतो तेव्हा तो सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पिस्टनची रिंग थांबून उलट फिरते, तिथे जास्त झिजतो. पिस्टन ज्या बाजूला रेलतो त्या बाजूलाही जास्त. म्हणून बोअर गेज घालून वर, मध्ये आणि खाली मोजायचं, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजायचं. आकडे वेगळे आले, म्हणजे भोक गोल राहिलेलं नाही. आता ते गोल करायचं तर एकच मार्ग असतो, ते मोठं करायचं. झिजलेल्या जागी लोखंड परत भरता येत नाही, म्हणून न झिजलेली जागाही कापून तिच्या बरोबरीला आणायची. मग त्या मापाचा ओव्हरसाईझ पिस्टन घालायचा. क्रँकचं उलट, तो घासून बारीक करायचा आणि जाड बेअरिंग घालायचं. आपल्याकडच्या वर्कशॉपात अजून 'थाऊ'ची भाषा चालते. दहा थाऊ म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, साधारण पाव मिलिमीटर. एकदा दहा थाऊ काढले, की पुढच्या वेळी वीस. मग कधीतरी भिंत इतकी पातळ होते की आणखी कापता येत नाही. तेव्हा स्लीव्ह ठोकायची. क्रँकच्या बाबतीत तर कधीकधी वरच्या पृष्ठभागावर नायट्रायडिंगचा कडक थर असतो. तो पातळ असतो, घासला गेला की पुन्हा द्यावा लागतो, आणि दिलाय की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड.

याचा अर्थ असा, की ब्लॉक कारखान्यातून निघतो तेव्हाच त्याच्यात मोजक्या दुरुस्त्या शिल्लक असतात. प्रत्येक मशिनिंग त्यातली एक खर्च करतं. आज माझ्या सोयीसाठी गरजेपेक्षा जास्त लोखंड कापलं, तर मी पुढच्या मालकाच्या वाटणीतलं वापरलं. आज कापायला हवं होतं तिथे नुसतं पॉलिश मारून सोडलं, तर झिजेचं बिल त्याच्या नावावर फाडलं. दोन्हीकडे तो माणूस हजर नाही. तो अजून ठरलेलासुद्धा नाही.

म्हणून चांगला मशिनिस्ट पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला हात लावत नाही. डब्यावर लिहिलेल्या मापावर त्याचा विश्वास नसतो. चारही पिस्टन मोजतो, कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवतो आणि मग त्या त्या पिस्टनच्या मापानं ते ते भोक कापतो. शेवटचा थोडासा भाग होनिंगसाठी ठेवतो. होनिंगनं भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात आणि त्या रेघांत तेल धरून राहतं. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसायला सुंदर, पण तिच्यावर तेल टिकत नाही आणि रिंगाही नीट बसत नाहीत.

इथपर्यंत वाचून वाटेल, की मग सोपं आहे, नेहमी उत्तमच काम करावं. तसं नाही, आणि मिस्त्रीच्या बाजूनं बोलायला हवं ते इथेच.

'पुरेसं' हा शब्द इंजिनिअरिंगमध्ये कधीच एकटा येत नाही. पुरेसं कशासाठी, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच. रोज घाट चढणाऱ्या टूरिस्ट गाडीला जे लागतं, ते आठवड्यातून एकदा भाजी आणायला निघणाऱ्या गाडीला लागत नाही. गाडीची सगळी किंमतच दोन लाख असेल, तर तिच्यात सव्वा लाखाचं इंजिन काम सांगणारा मिस्त्री प्रामाणिक आहे की गिऱ्हाईक कापतोय? दुसऱ्याच्या पैशानं आपली परिपूर्णतेची हौस भागवणं हाही एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच. सुटे भाग निवडतानाही तेच. कंपनीच्या खोक्यातला प्रत्येक भाग कंपनीनंच घडवलेला असतो असं नाही. तोच भाग बनवणारा पुरवठादार तो स्वतःच्या खोक्यातही विकतो आणि कमी पैशात. तो घेण्यात कमीपणा काहीच नाही. ज्या माणसाच्या खिशात तीस हजारच आहेत, त्याच्यासाठी तीस हजारांत होणारं काम शोधणं ही मिस्त्रीची कला आहे. ती नसती, तर या देशातली निम्मी वाहनं उभी राहिली असती.

तरीही काही भाग असे असतात जिथे 'चालतंय की' म्हणता येत नाही. आजच्या बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतात. आधी ठरलेल्या टॉर्कला आवळायचे, मग ठरलेले अंश फिरवायचे. त्यात ते कायमचे थोडे लांब होतात आणि तो ताणच हेडला दाबून धरतो. असा बोल्ट काढून हातात घेतला तर नव्यासारखाच दिसतो, आवळलाही जातो. पण टर्बोच्या दाबाखाली हेड धरून ठेवण्याची त्याची ऐपत आधीच खर्च झालेली असू शकते. किंवा कनेक्टिंग रॉड घ्या. अनेक इंजिनांत त्याचं मोठं टोक कारखान्यात मुद्दाम तडकवून दोन भाग करतात. त्या तडकलेल्या कडांची खाचखळगी फक्त आपल्याच जोडीदाराशी जुळते. एकाची टोपी दुसऱ्याला लावली, तर नट बसेल, पण गोल बसणार नाही. अशा ठिकाणी स्वस्त आणि महाग असा फरक उरत नाही. एक तर काम होतं किंवा झाल्याचं सोंग होतं.

म्हणजे मिस्त्रीच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. पहिला, गाडीकडून पुढे किती काम घ्यायचंय? हा रास्त आहे. दुसरा, ती बंद पडेल तेव्हा तुम्ही तिथे असणार आहात का? गोंधळ या दुसऱ्याचा आहे. कारण गाडी विकल्यानं तिचं काम कमी होत नाही. उद्याही तीच गाडी, तेच घाट, तीच माणसं. बदलतो तो फक्त त्रास कुणाला होणार याचा पत्ता. मायक्रोमीटरला मालकाचं नाव कळत नाही. जर्नल दोन थाऊंनी घासला गेलाय की तो घासला गेलाय एवढंच, मग गाडी ठेवा नाहीतर काढा.

हे मला इतकं स्पष्ट दिसायला कारणीभूत माझा मामा. तो कोल्हापुरात राहतो, पिवळ्या पाटीची डिझेल गाडी चालवतो. आंबा घाट उतरून गणपतीपुळे आणि परत, हा त्याचा नेहमीचा फेरा. गाडी त्यानं जुनी घेतली होती, तिसऱ्या मालकाकडून. घेताना सगळं ठीक होतं, "इंजिन काम झालेलं आहे" असं सांगितलंही होतं. दीड वर्षात दोनदा टर्बो गेला. दोन्ही वेळा नवा कोअर टाकला, काही महिने बरे गेले आणि पुन्हा तीच शिट्टी, तोच निळा धूर. टर्बो हा इंजिनातला तक्रारखोर भाग. तेल कमी पडलं की सगळ्यांत आधी तोच बोंब मारतो. म्हणून त्यालाच पुन्हा पुन्हा बदललं जातं आणि तेल कमी का पडतंय, हे तसंच राहतं.

तिसऱ्या वेळी मिस्त्रीनं खालचा सम्प उतरवला. तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर राखाडी सिलिकॉनचे तुकडे बसले होते. आधी कुणीतरी सम्प बसवताना पेस्ट भरभरून लावली होती. बाहेर आलेली पुसून काढली, ती दिसते ना. आत आलेली सुटून तेलात पडली आणि जाळीवर जाऊन बसली. मग बेअरिंगच्या टोप्या खोलल्या. तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगखाली पितळी पत्र्याची पातळ पट्टी निघाली. क्रँकचा जर्नल तिथे झिजला होता, तो ग्राइंडिंगला न पाठवता एमरी पेपरनं हातानं घासला होता, आणि जागा जास्त झाली म्हणून खाली पत्रा घालून बेअरिंग वर उचललं होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा.

ती पट्टी मी हातात घेऊन बघितली. नीट कापलेली होती, कडा सरळ होत्या. ज्यानं घातली त्याचा हात कसबी होता आणि त्याला नेमकं माहीत होतं की आपण काय करतोय. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, "काढायचीय."

आता विचित्र भाग पुढे आहे. मामालाही गाडी काढायचीच होती. सीएनजीवरची घ्यायची होती, जुनीचे थोडे हप्ते बाकी होते. मिस्त्री म्हणाला, "विकायचीच हाय न्हवं? मग कशाला उगं खर्च करताय?" उद्यमनगरात क्रँक घेऊन गेलो, तर तिथल्या लेथवाल्या काकांनी मापं घेतली आणि सरळ दोन पर्याय सांगितले. चारही जर्नल दहा थाऊ खाली ग्राइंड करायचे, किंवा खराब झालेला तेवढा पॉलिश मारून द्यायचा. "पंधरा हजार किलोमीटर कुठं जात न्हाई," काका म्हणाले. दोन्ही रस्त्यांत सगळं मिळून पस्तीस हजारांचा फरक पडत होता. मामासाठी ती दीड महिन्याची मिळकत.

मामा त्या दिवशी काहीच बोलला नाही. त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, याचा अंदाज अर्थशास्त्राच्या एका गाजलेल्या निबंधावरून करता येतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर तो लिहिला. अमेरिकेत फसव्या जुन्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. त्याचं म्हणणं असं. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. चांगल्या गाड्या कमी झाल्या की मधली किंमत आणखी उतरते. शेवटी लिंबंच उरतात. या विषयावरच्या कामासाठी अ‍ॅकरलॉफला २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल दोघांबरोबर विभागून मिळालं.

मामाच्या हिशोबात याचा अर्थ एवढाच, की पस्तीस हजार घातले तरी गाडीची किंमत पस्तीस हजारांनी वाढणार नाही. आतलं काम दिसतच नाही, तर त्याचे पैसे कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि बाजारात सगळ्यांच्याच मुठी झाकलेल्या. 'काढायची' म्हणणारा माणूस दुष्ट असतो असं नाही. बाजारच त्याला तसं शिकवतो.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "घेणाऱ्यानं बघून घ्यायचं ना." बघून काय दिसतं? धूर दिसतो. तेलाचं झाकण उघडून वाफ किती येते ते दिसतं. फार तर कॉम्प्रेशन टेस्ट करता येते. बेअरिंगखालचा पत्रा सम्प उतरवल्याशिवाय दिसत नाही, आणि गाडी बघायला आलेल्या माणसाला कुणी सम्प उतरवू देत नाही. ज्या गोष्टीत समोरच्याला बघायची सोयच नाही, तिथे बघण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणं म्हणजे अंध माणसाला रांगोळी विस्कटल्याबद्दल बोलण्यासारखं आहे.

अशा ठिकाणी न्याय्य काय, हे शोधायची एक युक्ती जॉन रॉल्स या तत्त्वज्ञानं १९७१ च्या आपल्या ग्रंथात दिली. तो समाजाच्या एकूण रचनेबद्दल बोलत होता, पण युक्ती गॅरेजातही चालते. समजा तुमच्यासमोर एक पडदा आहे आणि त्यापलीकडे तुम्ही कोण असणार हे तुम्हाला माहीत नाही. आधीच नियम ठरवा, मग पडदा उघडेल. तुम्ही विकणारा असाल, घेणारा असाल, मिस्त्री असाल किंवा मागच्या सीटवर झोपलेलं पोर असाल. काय ठरवाल?

मी बराच विचार केला. मी 'प्रत्येक इंजिन नव्यासारखं बांधलंच पाहिजे' असा नियम करणार नाही, कारण पडदा उघडल्यावर मी हप्ते थकलेला मामाही असू शकतो. पण दोन गोष्टी ठरवीन. पहिली, हलकं काम करायला परवानगी, लपवायला नाही. रिंगाच बदलल्या असतील तर रिंगाच बदलल्या असं सांगायचं. घेणारा त्या हिशोबानं किंमत देईल, त्याच्याकडे थोडे जास्त पैसे असतील तर उरलेलं काम तो करून घेईल. दुसरी, एक पातळी अशी ठेवायची, की त्याखालचं काम सांगूनही करायचं नाही. कारण व्यवहार दोघांचा असला तरी गाडीत पाच जण बसतात. टर्बोचं सील गेलं आणि इंजिनाचं तेलच हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये जायला लागलं, तर डिझेल इंजिन चावी बंद केली तरी थांबत नाही, स्वतःचं तेल जाळत बेफाम पळतं. घाटात बेअरिंग जॅम झालं तर इंजिन जागेवर थांबतं. मागे बसलेल्यांना कुणी किंमत सांगितलेली नसते, त्यांनी घासाघीस केलेली नसते. त्यांच्या जिवावर सूट देण्याचा अधिकार विकणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

हे फक्त गाड्यांपुरतं नाही, हे आमच्या हापिसात बसल्या बसल्या कळतं. आमच्याकडे 'ठेवायची की काढायची'ला नोटीस पिरियड म्हणतात. राजीनामा दिलेल्या माणसाचे शेवटचे साठ-नव्वद दिवस. काही जण या दिवसांत लिहिलेला कोड बघितला की ओळखू येतो. चालतो, चाचण्या पास होतात, आणि आत कुठेतरी एक पितळी पत्रा असतो. त्याच आठवड्यात दुसरा एखादा बसून हस्तांतराची टिपणं लिहीत असतो. हे अर्धवट आहे, हे महिनाअखेरीला मोडेल, इथे हात लावू नका. त्याचा कोड पहिल्यापेक्षा फार चांगला असतो असंही नाही. पण त्याच्या जागी येणारा माणूस रात्री दोन वाजता त्याला शिव्या देत नाही. भाड्याची खोली सोडताना, गटाचं हिशोबाचं काम दुसऱ्याकडे देताना, सोसायटीची गच्ची वॉटरप्रूफ करून घेताना, आपण सगळेच कधी ना कधी या प्रश्नासमोर असतो.

मामानं क्रँक ग्राइंड करून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून एवढंच म्हणाला, "पत्रा माझ्या हातनं जायला नको." बेअरिंगं नवी, हेडचे बोल्ट नवे, तेलाची जाळी आणि टर्बोला जाणारी तेलाची नळी नवी, टर्बोचा कोअर नवा. सिलिंडरांची मापं मर्यादेत होती, म्हणून बोअर न करता होन करून रिंगा घातल्या. इंजेक्टर जुनेच ठेवले, कारण रिटर्न टेस्टला बरे निघाले आणि नव्यांचे पैसे नव्हते. मी मापांसकट सगळं एका कागदावर लिहिलं. काय बदललं, काय जुनं आहे, काय पुढच्या वर्षी बघावं लागेल.

पहिलं गिऱ्हाईक तो कागद वाचून निघून गेलं. इंजेक्टर जुने आहेत, हे वाचून त्याला शंका आली. शेजारच्या गाडीवाल्यानं असला कागद दिला नव्हता, त्यामुळे ती गाडी त्याला जास्त भरवशाची वाटली. दुसऱ्यानं कागद दाखवून वीस हजार कमी करून घेतले. मामानं दिले. म्हणजे खर्चाचे पस्तीस आणि हे वीस, पंचावन्न हजारांचा फटका, आणि त्याबदल्यात व्यवहारात हाती आलेलं म्हणाल तर काही नाही. प्रामाणिकपणा शेवटी फळतो असं सांगायला मला आवडलं असतं, पण इथे तो फळला नाही. तो परवडला, एवढंच. आणि सगळ्यांना दरवेळी परवडेलच असं नाही, हेही मान्य करायला हवं. ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी कागद तरी उरतोच. कागदाला ग्राइंडिंगइतके पैसे लागत नाहीत.

क्रँक परत आणायला गेलो तेव्हा लेथवाल्या काकांनी शेवटचं एक काम केलं. पंच घेतला, क्रँकच्या जाड पाखावर, जिथे काही घासत नाही अशा जागी ठेवला आणि हातोडीनं दोन आकडे ठोकले. १ आणि ०. दहा. हा क्रँक दहा थाऊ खाली गेलेला आहे, बेअरिंगं त्या मापाची आणा, एवढाच निरोप. त्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत, आणि ते कुणी मागितलंही नव्हतं. मी विचारलं, हे कुणासाठी? ते क्रँकला ग्रीस लावत होते.

"पुढं खोलंल त्याच्यासाठी," ते म्हणाले, आणि क्रँक प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला.